अल्पमूल्य आणि उच्चमूल्य : इलेक्ट्रिक बास गिटारच्या संदर्भात वाद्याच्या 'दर्जा' या संकल्पनेचा ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : बास गिटार, वाद्यनिर्मिती, किंमत, दर्जा, श्रम, ब्रँड

प्रस्तावना

वाद्याची किंमत आणि वाद्याचा दर्जा यांचा संबंध सरळ असतो, अशी सर्वसामान्य समजूत आहे. महाग ते चांगले आणि स्वस्त ते कमअस्सल, हा व्यवहारातील नियम आपण वाद्यांनाही लावतो. काही वर्षांपूर्वी युवक महोत्सवाच्या तयारीसाठी महाविद्यालयाच्या सांस्कृतिक मंडळाला एक बास गिटार घ्यायची होती. खरेदी समितीपुढे तीन दरपत्रके आली. पहिल्या आणि तिसऱ्या दरपत्रकातील किमतीत अनेक पटींचा फरक होता. मात्र चित्रातील दोन्ही वाद्ये डोळ्यांना सारखीच दिसत होती. चार तारा, तेवढीच लांबी, तोच आकार. हा फरक कशाचा, असा प्रश्न एका सदस्याने विचारला तेव्हा प्रस्तुत लेखकासह कोणालाही समाधानकारक उत्तर देता आले नाही. नियमाप्रमाणे न्यूनतम दर मंजूर झाला. प्रश्न मात्र मागे राहिला. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या आधारे शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

इलेक्ट्रिक बास गिटार हे अशा अभ्यासासाठी विशेष सोयीचे वाद्य आहे. त्याचा जन्म, त्याचे कारखाने, त्याच्या मालकीतील बदल आणि त्याचा देशोदेशींचा प्रवास हे सर्व गेल्या पाऊणशे वर्षांत घडले असून त्याचे तपशील उपलब्ध आहेत. सतार किंवा व्हायोलिनप्रमाणे त्याचा आरंभ शोधत शतकानुशतके मागे जावे लागत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) इलेक्ट्रिक बास गिटारच्या निर्मितीमागील आर्थिक व तांत्रिक भूमिका समजून घेणे.
२) 'अल्पमूल्य' व 'उच्चमूल्य' हे दोन वर्ग ऐतिहासिकदृष्ट्या कसे तयार झाले, याचा मागोवा घेणे.
३) या दोन वर्गांतील प्रत्यक्ष फरक आणि मानलेला फरक यांत भेद करणे.

लेखात ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. वाद्याच्या भागांसाठी शक्य तेथे आपल्याकडील तंतुवाद्यांचे शब्द वापरले आहेत. दांडी, पडदे, घोडी आणि खुंट्या हे शब्द सतारीइतकेच गिटारलाही लागू पडतात.

कारखान्यात जन्मलेले वाद्य

पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जाचा आधार देण्याचे काम दीर्घकाळ डबल बास या माणसाहून उंच वाद्याकडे होते. ते वाहून नेणे अवघड होते आणि विजेवर चालणाऱ्या गिटार व मोठे ढोल यांच्यापुढे त्याचा आवाज पोहोचत नसे. १९३० च्या दशकात सिअ‍ॅटल येथील पॉल टटमार्क यांनी आडवे धरून वाजवण्याजोगा, पडदे असलेला विद्युत बास तयार केला होता. परंतु तो बाजारात रुजला नाही.

हे वाद्य रुजवण्याचे श्रेय लिओ फेंडर (१९०९–१९९१) यांच्याकडे जाते. फेंडर हे परंपरागत वाद्यकार नव्हते. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे त्यांचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. १९५१ च्या अखेरीस त्यांनी बाजारात आणलेल्या वाद्याचे नाव 'प्रिसिजन बास' होते. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो, हा त्या नावाचा अर्थ. तारेची कंपनलांबी ३४ इंच, पडदे २०, अंग अ‍ॅश लाकडाच्या भरीव फळीचे आणि मेपलची दांडी चार स्क्रूंनी त्या फळीला जोडलेली. व्हायोलिनच्या परंपरेत दांडी सरसाने सांधली जाते आणि तो सांधा हे कारागिराच्या कौशल्याचे लक्षण मानले जाते. फेंडर यांनी तो सांधाच काढून टाकला. दांडी बिघडली तर स्क्रू सोडून दुसरी बसवावी, असा हा विचार होता. तो वाद्यकाराचा नसून यंत्र दुरुस्त करणाऱ्याचा विचार होता.

ही बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. ज्या वाद्याच्या जुन्या प्रती आज संग्राहक मोठी किंमत देऊन घेतात, ते वाद्य मुळात सुट्या भागांतून, सारख्या प्रतींत, कमी श्रमात तयार व्हावे यासाठीच आखले गेले होते. त्याची एकमेव, हातघडणीची वस्तू म्हणून कल्पनाच केलेली नव्हती. १९५७ मध्ये त्यात दोन तुकड्यांचा पिकअप आला, १९५९ मध्ये दांडीवर रोझवूडची पट्टी आली आणि १९६० मध्ये त्याच कारखान्याने अधिक निमुळत्या दांडीचा, दोन पिकअप असलेला 'जाझ बास' वरच्या श्रेणीतील वाद्य म्हणून सादर केला. म्हणजेच दोन श्रेणींची कल्पना प्रथम एकाच कारखान्यात, एकाच हातांकडून तयार होणाऱ्या वाद्यांत आली.

स्थळ बदलले की श्रेणी बदलते

अमेरिकेत जे कारखान्याचे उत्पादन होते, ते ब्रिटनमध्ये चैनीची वस्तू ठरले. १९५९ पर्यंत ब्रिटनमध्ये अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर निर्बंध होते आणि त्यानंतरही त्यांच्या किमती सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर होत्या. या संदर्भात पॉल मॅकार्टनी यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे त्यांनी हॉफ्नर कंपनीचा व्हायोलिनच्या आकाराचा ५००/१ हा बास सुमारे ३० पौंडांना घेतला. फेंडर त्या वेळी सुमारे १०० पौंडांना पडत असे व तो परवडणारा नव्हता, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. आकार दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने डावखुऱ्या वादकाने उलटा धरला तरी तो विचित्र दिसत नसे, हेही एक कारण होते.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. स्वस्त हॉफ्नर हा पोकळ अंगाचा, वाकवलेल्या कडांचा आणि व्हायोलिनकारांच्या परंपरेतून आलेला होता. हॉफ्नर कंपनीची स्थापना १८८७ मध्ये बोहेमियातील शोनबाख या वाद्यकारांच्या गावी झाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील जर्मनभाषक कारागिरांना गाव सोडावे लागले आणि त्यांची नवी वसाहत बव्हेरियातील बुबेनरॉइथ येथे झाली. विस्थापित कारागिरांनी घडवलेले, अधिक कष्टसाध्य वाद्य ३० पौंडांना मिळत होते आणि फळीला दांडी स्क्रूने जोडलेले वाद्य त्याच्या तिपटीहून अधिक किमतीला मिळत होते. श्रमाची मजुरी, चलनाचा विनिमय आणि आयातीचे नियम यांनी ही किंमत ठरवली होती. हातकामाचे प्रमाण हा तिचा निकष नव्हता.

१९७२ मध्ये तो हॉफ्नर बास लंडनमध्ये चोरीस गेला. दीर्घ शोधानंतर तो सापडला आणि मॅकार्टनी यांना परत मिळाल्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. ३० पौंडांची वस्तू पन्नास वर्षे शोधली जाते, तेव्हा तिचे मूल्य लाकूड व तारांत राहिलेले नसते. ते तिच्यावर वाजलेल्या संगीतात आलेले असते.

स्वर कोठे असतो?

महाग वाद्याच्या बाजूने नेहमी दिला जाणारा युक्तिवाद स्वराचा असतो. त्या दृष्टीने डेट्रॉइट येथील मोटाउन स्टुडिओचे वादक जेम्स जेमरसन यांचा विचार करणे उपयुक्त ठरते. १९६० च्या दशकातील मोटाउनच्या असंख्य ध्वनिमुद्रिकांतील खर्ज त्यांचा आहे. त्यांच्याकडे १९६२ चा साधा प्रिसिजन बास होता. त्यावर जाड, सपाट वेटोळ्यांच्या तारा होत्या आणि त्या बदलण्याची त्यांना आवड नव्हती. घोडीवरच्या झाकणाखाली फोमचा तुकडा बसवून ते तारेचा आवाज आखूड करीत आणि उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने वाजवीत. जुन्या तारा, फोम व एक बोट यांतील कोणत्याही गोष्टीला मोठी किंमत पडत नाही. तरीही तो स्वर पुढील अनेक पिढ्यांसाठी आदर्श ठरला. १९८३ मध्ये जेमरसन यांच्या निधनापूर्वी काही दिवस तो बास चोरीस गेला.

यावरून वाद्याला महत्त्व नाही, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. १९७० च्या दशकात खऱ्या अर्थाने उच्चमूल्य बासची परंपरा सुरू झाली, ती काही प्रत्यक्ष उणिवा दूर करण्यासाठीच. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या अलेम्बिक या संस्थेने दांडी व अंगाचा मध्यभाग एकसंध, अनेक लाकडांच्या पट्ट्या जोडून तयार केला आणि वाद्यातच विद्युत प्रवर्धक बसवला. स्टॅन्ली क्लार्क यांनी या वाद्यांना कीर्ती मिळवून दिली. १९७६ मध्ये लिओ फेंडर यांच्याच सहभागाने म्युझिक मॅन कंपनीचा 'स्टिंगरे' आला. त्यातील बॅटरीवर चालणाऱ्या प्रवर्धकामुळे ही सोय कारखान्यातील नियमित उत्पादनात पोहोचली. न्यूयॉर्कमध्ये कार्ल थॉम्पसन यांनी १९७५ मध्ये अँथनी जॅक्सन यांच्यासाठी सहा तारांचा बास घडवला. ही वाद्ये महाग होती, कारण त्यांत कारागिराचे तास अधिक होते आणि विचार नवा होता. उच्चमूल्य या शब्दाचा हा एक प्रामाणिक अर्थ आहे.

नावाची मालकी आणि जपानी आव्हान

दुसरा अर्थ बाजारात तयार झाला. १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या प्रसारणसंस्थेने १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. उत्पादन वाढले; परंतु १९७० च्या दशकात जोडकाम सैल, वजन जास्त आणि रंगाचा थर जाड, अशा तक्रारी वादकांत रूढ झाल्या. परिणामी १९६५ पूर्वीच्या वाद्यांना 'प्री-सीबीएस' हे वेगळे नाव व वेगळी किंमत मिळू लागली. त्या जुन्या वाद्यांत कोणताही बदल झालेला नव्हता. बदलली होती ती कंपनीची मालकी. 'उच्चमूल्य' हा वर्ग येथे भूतकाळाच्या स्मरणातून निर्माण झाला.

याच काळात जपानमधील कारखान्यांनी अमेरिकन वाद्यांच्या हुबेहूब प्रती काढल्या. मात्सुमोतो येथील फुजिजेन आणि हामामात्सु येथील तोकाई हे त्यांपैकी प्रमुख होत. १९७७ मध्ये गिब्सनची मालक असलेल्या नॉर्लिन कंपनीने, आयबानेझ हे नाव वापरणाऱ्या होशिनो समूहाच्या अमेरिकन शाखेविरुद्ध गिटारच्या शिरोभागाच्या आकारावरून दावा दाखल केला. पुढील वर्षी तो न्यायालयाबाहेर मिटला. दाव्याचा विषय आकार हा होता, स्वर नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

फेंडरने वेगळा मार्ग स्वीकारला. १९८२ मध्ये दोन जपानी व्यापारी कंपन्यांसह 'फेंडर जपान' ही भागीदारी स्थापन झाली आणि फुजिजेनच्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले. निर्यातीच्या वाद्यांवर 'स्क्वायर' हे नाव आले. स्क्वायर ही मुळात तारा बनवणारी जुनी अमेरिकन कंपनी, जी १९६५ मध्ये फेंडरकडे आली होती. त्याच १९८२ मध्ये अमेरिकेतील कारखान्यानेही १९५७ व १९६२ च्या बासच्या पुनरावृत्ती जाहीर केल्या. एकच नमुना, एकच वर्ष, दोन देश आणि दोन किमती. अल्पमूल्य व उच्चमूल्य यांची आजची विभागणी या वर्षी औपचारिक झाली, असे म्हणता येईल. पुढे काय घडले तेही उद्बोधक आहे. 'जेव्ही' क्रमांकाची ती सुरुवातीची स्क्वायर वाद्ये आज स्वतःच संग्राह्य मानली जातात.

१९८५ मध्ये विल्यम शुल्ट्झ यांच्या नेतृत्वाखालील गटाने कंपनी सीबीएसकडून १ कोटी २५ लाख डॉलरना घेतली. व्यवहारात फुलर्टनचा कारखाना समाविष्ट नव्हता. त्यामुळे कॅलिफोर्नियातील कोरोना येथे नवा कारखाना उभा राहीपर्यंत फेंडरची भिस्त मुख्यतः जपानी उत्पादनावर होती. ज्याला दुय्यम म्हटले जात होते, त्यानेच काही काळ मूळ नाव जिवंत ठेवले.

कारखान्याचे स्थलांतर आणि कामगार

१९८७ मध्ये फेंडरने मेक्सिकोतील एन्सेनाडा येथे कारखाना उघडला आणि त्याच वर्षी हातघडणीसाठी स्वतंत्र 'कस्टम शॉप' सुरू केले. येन महाग होऊ लागल्यावर स्क्वायरचे उत्पादन कोरियाकडे व पुढे चीन आणि इंडोनेशियाकडे गेले. अशा रीतीने किमतीची शिडी भूगोलाच्या शिडीवर बसली. वाद्याच्या शिरोभागावर छापलेले देशाचे नाव हीच श्रेणीची खूण झाली.

या प्रक्रियेचा मानवी पैलू कोरियातील कॉर्ट व कॉर-टेक या कंपन्यांच्या इतिहासात दिसतो. अनेक परदेशी ब्रँडांसाठी वाद्ये घडवणाऱ्या या समूहाने २००७ पासून कोरियातील कामगार कमी केले, कारखाने बंद केले आणि उत्पादन चीन व इंडोनेशियात केंद्रित केले. कामगारांचे आंदोलन बारा वर्षे चालले व एप्रिल २०१९ मध्ये समझोत्याने संपले. त्या काळात काही कामगारांनी स्वतःचा बँड उभारला. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वाद्ये घडवणाऱ्यांनी ती स्वतः हाती घेतली. स्वस्त वाद्याची किंमत केवळ ग्राहक देत नाही, हे या घटनेतून स्पष्ट होते.

शिसव आणि ऐन

लाकडाच्या बाबतीतही हाच इतिहास दिसतो आणि येथे तो आपल्या सह्याद्रीपर्यंत येऊन पोहोचतो. दांडीवरील पट्टीसाठी वापरले जाणारे इंडियन रोझवूड म्हणजे आपला शिसव. ब्राझीलच्या रोझवूडचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ मध्ये जवळजवळ बंद झाला. जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या संपूर्ण प्रजातिकुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती नोव्हेंबर २०१९ मध्ये. मधल्या काळात फेंडरने अमेरिकेतील अनेक वाद्यांवर रोझवूड कायम ठेवले, मेक्सिकोतील बहुतेक वाद्यांवर पाउ फेरो हे दक्षिण अमेरिकन लाकूड आणले आणि स्क्वायरवर 'इंडियन लॉरेल' वापरले. हे लॉरेल म्हणजे आपल्या जंगलातील ऐन. विदर्भात ज्या झाडावर टसरचे किडे पोसले जातात, तेच. सीमा ओलांडताना लागणाऱ्या परवान्यामुळे झालेला हा बदल ग्राहकाच्या दृष्टीने मात्र दर्जाचा फरक ठरला.

मुंबईच्या चित्रपटसंगीतातही बास गिटारला महत्त्वाचे स्थान मिळाले. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांचे वादन या संदर्भात उल्लेखनीय आहे. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध आपल्याकडे एप्रिल २००१ मध्ये उठले. तोपर्यंत भारतीय वादकाच्या लेखी बाहेरून आलेले वाद्य म्हणजेच उत्तम वाद्य, असे समीकरण होते. ही श्रेणी आयात धोरणाने घडवली होती.

प्रत्यक्ष फरक

वरील विवेचनावरून दोन्ही वर्गांत फरकच नसतो, असे मानू नये. भरीव अंगाच्या वाद्यात संगणकनियंत्रित यंत्रांनी लाकूड कापण्याचे काम सर्वत्र सारखे अचूक केले आहे; त्यामुळे आज फरक आकारात उरलेला नाही. तो पुढील ठिकाणी आढळतो.

१) दांडी : चांगले वाळवलेले, योग्य दिशेने चिरलेले लाकूड हवामानानुसार कमी वाकते. कोकणातील पावसाळा व मराठवाड्यातील उन्हाळा यांत ही बाब महत्त्वाची ठरते.
२) पडदे : ते एका पातळीत घासणे व टोके गुळगुळीत करणे हे हातांचे आणि वेळेचे काम आहे. स्वस्त वाद्यात प्रथम हाच वेळ वाचवला जातो.
३) विद्युत भाग : स्वस्त वाद्यात खरखर रोखणारे वेष्टन व टिकाऊ बटणे यांत काटकसर होते.
४) खुंट्या व घोडी : स्वर टिकणे व तारांची उंची जुळवता येणे यांवर अवलंबून असते.

यांतील दुसरा, तिसरा व चौथा दोष कुशल कारागीर नंतरही दूर करू शकतो. पहिला सहसा नाही. म्हणून स्वस्त बास निवडताना सर्वप्रथम दांडी पाहावी, हे वादकांचे मत तर्कसंगत आहे.

निष्कर्ष

१) इलेक्ट्रिक बास गिटार मुळात सारख्या प्रतींत निघणारे कारखान्याचे वाद्य होते. त्याच्या जुन्या प्रतींना मिळालेले उच्चमूल्य हे पुढील इतिहासाचे फलित आहे.
२) अल्पमूल्य व उच्चमूल्य ही विभागणी मालकी, मजुरी, विनिमयदर, आयातनियम व ब्रँड यांतून घडली. स्वर हा त्यातील एकच घटक आहे.
३) प्रत्यक्ष फरक मुख्यतः मानवी श्रमाच्या तासांत आहे. तो मोजता येतो व अनेकदा भरून काढता येतो.
४) कमी किमतीमागे बहुधा कमी मजुरीचा प्रदेश असतो. ती किंमत दरपत्रकात दिसत नाही.

खरेदी समितीतील त्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. न्यूनतम दर मंजूर करणे ही चूक नव्हती. दराखेरीज काहीच न विचारणे ही चूक होती. दांडी सरळ आहे का, पडदे घासलेले आहेत का आणि मंजूर रकमेतील थोडा भाग वाद्य जुळवून देणाऱ्या कारागिरासाठी राखता येईल का, हे विचारले असते तर तेच स्वस्त वाद्य विद्यार्थ्याच्या हाती अधिक चांगल्या अवस्थेत गेले असते. ते वाद्य आजही मंडळाच्या कपाटात आहे. त्याच्या वरच्या दोन पडद्यांची टोके बोटाला लागतात, अशी विद्यार्थ्यांची तक्रार असते. ती टोके घासून घेण्यासाठी नव्या दरपत्रकांची आवश्यकता नाही.